फोन मराठीत केला की परका का वाटतो? उत्तर थोडं जालन्यात आहे, थोडं आइसलंडमध्ये

फोनची भाषा मराठी करून पाहिलीय कधी? बहुतेकांनी एकदा तरी केलेली असते. पाच मिनिटं भारी वाटतं. मग एखादं नेहमीचं बटण सापडेनासं होतं, ‘प्राधान्ये’ म्हणजे नक्की काय ते कळत नाही, आणि शेवटी आपण गुपचूप परत इंग्रजीवर येतो. वर म्हणतो, ‘टेक्नॉलॉजीसाठी मराठीत शब्दच नाहीत राव.’

हे खरं असतं, तर आइसलंडच्या लोकांना फोन वापरताच आला नसता. उत्तर अटलांटिक महासागरातलं हे बेट, लोकसंख्या जेमतेम चार लाखांच्या घरात. आपल्या एकट्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांच्या वर होती, आणि मराठी मातृभाषा सांगणारे होते ८ कोटींहून जास्त. गंमत म्हणजे २०१४ मध्ये अँड्रॉइड ५.० म्हणजे लॉलीपॉप आलं, तेव्हा त्यात ज्या १५ नव्या भाषा जोडल्या गेल्या त्यांत मराठी होती आणि आइसलँडिकही होती. दोघी एकाच दिवशी एकाच दारातून आत आल्या. मग तिकडे लोक आपल्या भाषेतल्या शब्दांनी फोन, कॉम्प्युटर, स्क्रीन सगळ्याबद्दल सहज बोलतात, आणि आपण ‘भ्रमणध्वनी’ म्हटलं की हसतो. फरक कुठे पडला?

जुन्या ट्रंकेतले शब्द

आइसलँडिकमध्ये फोनला ‘सीमी’ म्हणतात. हा शब्द कोणी कमिटीत बसून शून्यातून बनवला नाही. ‘धागा’, ‘दोरी’ अशा अर्थाचा एक जुना शब्द जवळपास विसरला गेला होता. टेलिफोनची तार आली तेव्हा लोकांनी तो झटकून पुन्हा वापरात आणला. दोन अक्षरं, बोलायला सोपा. पुढे मोबाईल आला तर ‘फारसीमी’, म्हणजे प्रवासातला सीमी. स्मार्टफोन आला तर ‘स्न्याल्सीमी’, म्हणजे हुशार सीमी. शब्द एकच, त्याला पोरंबाळं होत गेली.

स्क्रीनसाठी त्यांचा शब्द आहे ‘स्क्याउर’. जुन्या काळी तिथल्या गवताच्या ढेकळांनी बांधलेल्या घरांना काच परवडायची नाही. मग झरोक्याला जनावराच्या आतड्याचा वगैरे पातळ, अर्धपारदर्शक पडदा ताणून लावायचे, त्यातून उजेड आत यायचा. तो पडदा म्हणजे स्क्याउर. आता मोबाईलची स्क्रीन म्हणजे स्क्याउर. उजेड येणारी चौकोनी जागा, बरोबरच आहे की.

कॉम्प्युटरचा शब्द मात्र नवा घडवलेला. १९६० च्या दशकात सिगुर्दुर नॉर्दाल या विद्वानाने ‘ताला’ म्हणजे आकडा आणि ‘वोल्वा’ म्हणजे भविष्य सांगणारी बाई, हे दोन शब्द जोडून ‘टोल्वा’ केला. आकड्यांची भविष्यवेत्ती! आज तिथलं शेंबडं पोरही हाच शब्द वापरतं, त्यामागची बाई कुणाला आठवतही नसेल.

आपल्याकडे ‘तार’ होती

आता आपल्या घरात या. ‘सीमी’ची गोष्ट वाचून काही आठवलं? आपणही अगदी हेच केलं होतं. धातूचा बारीक धागा म्हणजे तार. टेलिग्राफ आला, तारेवरून निरोप यायला लागले, आणि लोक त्या निरोपालाच ‘तार’ म्हणू लागले. ‘तार आली’ म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची, कारण तारेने बहुधा वाईटच बातमी यायची. दोन अक्षरं, सगळ्यांना समजणारा, कुठल्याही कोशकाराची वाट न पाहता रुळलेला शब्द.

फरक पुढे पडला. आइसलंडच्या लोकांनी आपला धागा टेलिफोनला जोडला, मग मोबाईलला जोडला. आपण टेलिफोन आल्यावर ‘फोन’ म्हणालो आणि ‘तार’ टेलिग्रामपुरतीच ठेवली. जुलै २०१३ मध्ये भारतातली टेलिग्राम सेवा बंद झाली, त्याबरोबर तो अर्थही गेला. आज दहावीतल्या मुलाला ‘तार केली’ म्हटलं तर त्याला कुंपण आठवेल.

पण आपले सगळेच शब्द असे वाया गेले नाहीत. ‘विमान’ बघा. पुराणातलं पुष्पक विमान तयारच होतं, खरं विमान आलं तेव्हा आपण तोच शब्द त्याला चिकटवला. ‘विमानतळ’ म्हणताना आज कुणालाही अवघड वाटत नाही. ‘वीज’ तर त्याहून भारी. आकाशात कडाडते ती वीज, तोच शब्द इलेक्ट्रिसिटीला दिला. मग वीजबिल, वीजचोरी, वीजपुरवठा, वीजतोडणी अशी सगळी पिलावळ आली. आइसलंडने यासाठी ‘राफमाग्न’ बनवला, म्हणजे ‘अंबरची शक्ती’. अंबर नावाचा खडा घासला की त्याला वीज चिकटते ना, ती कल्पना. आपला शब्द जास्त सरळ आहे, असं माझं मत. हां, आपण ‘वीज गेली’पेक्षा ‘लाईट गेली’च जास्त म्हणतो, पण बिल मात्र विजेचंच येतं.

आणि ‘आगगाडी’? ‘आगपेटी’? ‘आगबोट’? हे शब्द पाहूनच कळतं की कुणीतरी यंत्र पाहिलं आणि जे दिसलं ते बोललं. मला मराठीतले हे सगळ्यात प्रामाणिक तांत्रिक शब्द वाटतात.

शब्द वरून आला की काय होतं

आता दुसरी बाजू. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश केला. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, सुमारे चौदाशे. अष्टप्रधानांची नावंही बदलली. पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. काम चोख होतं. पण पुढच्या शतकात पुण्यात बसून कारभार केला तो पेशव्यांनीच, त्यांना ‘पंतप्रधान’ म्हणून फारसं कुणी ओळखत नाही. तो शब्द कोशात थांबला आणि देश स्वतंत्र झाल्यावर दिल्लीतल्या पदासाठी कामाला आला! सचिव आणि सेनापतीही आज ठणठणीत आहेत. म्हणजे शब्द पहिल्या फटक्यात चालला नाही म्हणून तो मेलाच, असं नसतं.

१९२० च्या दशकात रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम सुरू केली. महापौर, दिनांक, क्रमांक, चित्रपट, दिग्दर्शक, मध्यंतर हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. यातले किती तुम्ही रोज वापरता ते मोजा. पण कायद्यासाठी त्यांनी वापरलेला ‘निर्बंध’ त्या अर्थाने टिकला नाही. ‘कायदा’ अरबी असूनही लोकांनी सोडला नाही, आणि ‘निर्बंध’ला आपण लॉकडाऊनमध्ये वेगळ्याच कामाला लावलं. ‘दूरध्वनी’ लेटरहेडवर छापला जातो, तोंडात येत नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झालं. १९६२ मध्ये पदनाम कोश आला, म्हणजे सरकारी पदांच्या इंग्रजी नावांना मराठी नावं. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपलं. तरी जिल्हाधिकारी, आयुक्त, अभियंता हे शब्द आज बातम्यांमध्ये सहज वाचतो आपण. बोलताना मात्र अजून ‘कलेक्टर साहेब’च.

मराठवाड्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. जालना १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मस्तगडचा बालेकिल्ला १७२५ चा, निजाम घराण्याच्या पहिल्या आसफजाहाच्या काळातला. तिथे कारभार चालायचा उर्दूत, आणि हैदराबादेत तर १९१७ मध्ये भाषांतराचं खास खातंच उघडलं होतं, उस्मानिया विद्यापीठाची विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणायला. त्यासाठी उर्दूत हजारो नवे शब्द घडवले गेले. आज मस्तगडच्या आसपास उभं राहून विचारलं तर त्यातला एखादाही वैज्ञानिक शब्द कुणाला सांगता येईल असं वाटत नाही. पण ‘मुंतखब’ आणि ‘खासरा’ हे शब्द? जमिनीचं प्रकरण असलेल्या घरात आजही माहीत असतात. कारण ते शब्द लोकांच्या हातातल्या कागदावर होते, आणि त्या कागदावर जमीन होती.

याचं सगळ्यात मस्त मराठी उदाहरण म्हणजे ‘सातबारा’. गाव नमुना नंबर सात आणि गाव नमुना नंबर बारा, बस. ना संस्कृत, ना फारसी, नुसते दोन आकडे. कुणी समिती बसवली नाही. तरी आज मोबाईलवर ‘डिजिटल सातबारा’ उतरवताना कुणी अडखळत नाही, आणि इंग्रजी कागदांनाही तो तसाच घ्यावा लागतो.

म्हणजे शब्द शुद्ध आहे की उसना, यावर तो जगेल की नाही हे ठरत नाही. तो किती लहान आहे, वस्तू आली त्या वेळीच आला का, आणि रोज ज्या कागदावर किंवा पडद्यावर आपली नजर जाते तिथे तो होता का, यावर ठरतं. ‘भ्रमणध्वनी’ आला तोवर ‘मोबाईल’ खिशात बसला होता, आणि बटणावर तर तो मावतच नाही. आइसलंडचेही असे शब्द आपटलेत. पिझ्झ्याला ‘फ्लातबाका’ म्हणजे चपटा भाजलेला पदार्थ म्हणा, असं सुचवलं गेलं. लोक ‘पित्सा’च मागवतात. ‘अ‍ॅप’साठी ‘छोटा प्रोग्रॅम’ अशा अर्थाचा शब्द आहे, पण पोरं ‘आप्प’ म्हणतात. मात्र एक बघा, एकापेक्षा जास्त असले की ते ‘ओप्प’ म्हणतात. शब्द इंग्रजीतून घेतला, पण व्याकरण आपलं लावलं. आपणही ‘फाईल’चं ‘फायली’ करतो, ते हेच.

फोनच्या आत भाषांतर कसं होतं

आता मूळ प्रश्नाकडे. सगळे शब्द असूनही फोनचं मराठी विचित्र का वाटतं?

अ‍ॅप बनवताना त्यातलं प्रत्येक वाक्य, प्रत्येक बटणाचा मजकूर एका वेगळ्या यादीत ठेवतात. प्रोग्रॅमरच्या भाषेत त्याला स्ट्रिंग म्हणतात. भाषांतर करणाऱ्याच्या समोर बहुतेक वेळा फक्त ही यादी असते. बटण कुठे आहे, त्याच्या शेजारी काय लिहिलंय, हे दिसेलच असं नाही. समोर ‘ओपन’ असा एकच शब्द आला, तर ते ‘उघडा’ की ‘उघडे’? ‘फ्री’ आला तर ‘मोफत’ की ‘रिकामी’? मग कुठेतरी मेमरीमध्ये ‘१२ जीबी मोफत’ असं वाचायला मिळतं आणि आपण हसतो. चूक त्या माणसाला मराठी येत नाही म्हणून झालेली नसते, त्याला स्क्रीन दिसली नाही म्हणून झालेली असते.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. अशा याद्यांमध्ये रिकाम्या जागा असतात, तिथे फोन आपोआप नाव भरतो. इंग्रजीत ‘अमुक गावात पाऊस’ म्हणताना गावाचं नाव बदलत नाही. मराठीत बदलतं. जालना, पण जालन्यात. मंठा, पण मंठ्याला. मस्तगड, पण मस्तगडावर. आपण हे सामान्यरूप न शिकता पाळण्यात उचलतो, पण फोनच्या त्या रिकाम्या जागेला ते कळत नाही. ती ‘जालना मध्ये पाऊस’ आणि ‘मंठा ला जाण्याचा मार्ग’ असं लिहून मोकळी होते. माणसांच्या नावाचंही तेच. म्हणून भाषांतरकार एक युक्ती करतात, नाव तसंच ठेवून पुढे ‘यांनी’ लावतात. तुमच्या वर्गातल्या मित्राने मीम पाठवलं तरी फोन म्हणतो ‘यांनी तुम्हाला फोटो पाठवला’. तो अतिआदर मुद्दाम नाही, व्याकरणाची पळवाट आहे.

आइसलँडिकमध्ये हे दुखणं आपल्यासारखंच आहे. तिथेही माणसांची, गावांची नावं विभक्तीप्रमाणे बदलतात. ‘रेक्याविक’ला जायचं असेल तर ‘रेक्याविकुर’ म्हणावं लागतं. म्हणजे या बाबतीत आपण आणि ते एकाच नावेत आहोत, आणि ‘आपली भाषाच कॉम्प्युटरला जमत नाही’ हे कारण दोघांनाही चालत नाही.

एका शब्दाने पैसे अडकतात तेव्हा

हे सगळं नुसतं गमतीचं असतं तर सोडून दिलं असतं. पण पैशांच्या अ‍ॅपमध्ये शब्दाची किंमत वेगळी असते.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायचे तर आधी तो माणूस जोडावा लागतो. मराठीत तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं ‘लाभार्थी जोडा’. कोशानुसार बरोबर आहे, ज्याला लाभ मिळणार तो लाभार्थी. पण आपल्या गावात लाभार्थी कोण? घरकुलाच्या यादीत नाव असलेला. लाडकी बहीणचे पैसे येणारी ताई. तिने ‘लाभार्थी जोडा’ वाचलं तर तिला स्वतःचंच नाव जोडायचं आहे असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. ‘पैसे कुणाला पाठवायचे?’ एवढं लिहिलं असतं तरी काम झालं असतं.

तसंच ‘विनंती’. २०२५ पर्यंत एखादी व्यक्ती यूपीआयवर आपल्याकडे पैसे मागायची, तेव्हा पडद्यावर दिसायचं ‘२००० रुपयांची विनंती’. विनंती हा इतका नम्र शब्द आहे की त्यात आपल्या खिशातून पैसे जाणार आहेत हे जाणवतच नाही. ‘मागणी’ म्हटलं असतं तर माणूस थबकला असता. फसवणारे नेमका याचाच फायदा उठवायचे, ‘पैसे येण्यासाठी पिन टाका’ म्हणायचे. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे घरातल्या मोठ्यांना मराठीत, तुमच्या घरच्या शब्दांत एकदा सांगून ठेवा, अ‍ॅपमधल्या मराठीवर सोडू नका.

चार लाख लोकांचं ऐकलं कसं?

१९९८ मध्ये विंडोज आइसलँडिकमध्ये आणायला मायक्रोसॉफ्ट तयार नव्हती, बाजारपेठ फारच लहान म्हणून. आइसलंड सरकारने पाठपुरावा सोडला नाही. १९९९ मध्ये करार झाला, आणि बदल्यात सरकारने चोरीच्या सॉफ्टवेअर कॉप्यांवर लगाम घालायचं कबूल केलं. रोखठोक व्यवहार. पुढे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांसह तिथलं शिष्टमंडळ अमेरिकेत जाऊन टेक कंपन्यांना भेटलं, आणि मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ आलं तेव्हा आइसलँडिक सुधारण्यासाठी त्या देशाशी केलेलं काम ओपनएआयने जाहीर केलं.

आपल्याकडे राष्ट्राध्यक्षांची गरज नाही, वापरणाऱ्यांची आहे. आपण सगळे इंग्रजीवर परतलो की मराठी स्ट्रिंगमधली चूक कुणाला दिसतच नाही, म्हणून ती सुधारत नाही, म्हणून आपण आणखी परततो.

पूर्ण फोन मराठीत करायची हिंमत होत नसेल तर एकच अ‍ॅप करून बघा. अँड्रॉइड १३ पासून ही सोय आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे भाषा, आणि तिथे प्रत्येक अ‍ॅपची भाषा वेगळी निवडता येते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये मेनूची जागा थोडी वेगळी असते, सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘अ‍ॅप भाषा’ टाकलं की सापडते. जे अ‍ॅप डोळे मिटून वापरता, त्याच्यापासूनच सुरुवात करा, म्हणजे शब्द नवा असला तरी बटणाची जागा माहीत असते. पैशांचं अ‍ॅप मात्र सगळ्यात शेवटी.

विचित्र शब्द दिसला तर स्क्रीनशॉट काढा आणि त्या अ‍ॅपच्या ‘फीडबॅक’मध्ये टाका, सोबत तुम्ही काय म्हणाल तेही लिहा. स्वतः हात घालायचा असेल तर दोन दारं उघडी आहेत. विकिपीडियाच्या मेनूंमधले शब्द ट्रान्सलेटविकी या साइटवर भाषांतरित होतात, आणि फायरफॉक्स ब्राउझरचे मोझिलाच्या पाँटून या साइटवर. दोन्हीकडे खातं उघडून मराठी निवडली की अपुऱ्या स्ट्रिंगची यादीच समोर येते. सरकारी परिभाषा कोशही ऑनलाइन शोधता येतात, अडलात तर तिथे बघा. फक्त तिथला शब्द जसाच्या तसा उचलण्याआधी तो आजीला एकदा मोठ्याने वाचून दाखवा.